अन्ननलिकेचा कॅन्सर आणि क्लिनिकल ट्रायल : कधी विचारायचं, काय तपासायचं, सही कशावर करायची

अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या किंवा उपचारपद्धतीच्या रुग्णांवरच्या चाचणीबद्दल, विचारायची खरी वेळ फार थोडी असते. तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात आला की ती सुरू होते आणि पहिल्या केमोच्या किंवा रेडिएशनच्या दिवशी बरीचशी संपते. घरोघरी मात्र हा प्रश्न शेवटी निघतो : सगळं करून झालं, आता एखादं नवीन औषध आहे का? तोवर अनेक ट्रायलची दारं बंद झालेली असतात. ऑपरेशनपूर्वीच्या किंवा पहिल्या उपचारावरच्या ट्रायलमध्ये ‘या आजारासाठी आधी कोणताही उपचार घेतलेला नसावा’ ही अट बहुतेक वेळा असतेच. मोठ्या दवाखान्यात तारीख लांबची मिळाली म्हणून जवळच्या ठिकाणी ‘तोवर केमोची एक सायकल (फेरी) देऊन टाकू’ असं होतं, आणि तेवढ्यानेही पात्रता जाते. ट्रायलसाठी उपचार लांबवा असं कोणीही सांगणार नाही. पण स्कॅन आणि रक्ततपासण्या चालू असतानाच डॉक्टरांना एक वाक्य विचारता येतं : “आमच्या टाइपला आणि स्टेजला बसणारी ट्रायल इथे किंवा दुसरीकडे चालू आहे का?”

ट्रायल म्हणजे शेवटचा उपाय, हा समज बाजूला ठेवा. आज जो उपचार ‘नेहमीचा’ म्हणून दिला जातो तो ट्रायलमधूनच आला आहे. नेदरलँड्समधल्या क्रॉस ट्रायलमध्ये २००४ ते २००८ या काळात ३६६ रुग्ण होते. निम्म्यांना थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी पाच आठवडे पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन आणि २३ दिवसांत विभागलेलं ४१.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन, मग ऑपरेशन. २०१२ साली निकाल आला. थेट ऑपरेशनच्या गटात मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २४ महिने निघालं, दुसऱ्या गटात ४९.४ महिने. आज परळला किंवा पुण्याला डॉक्टर ‘आधी केमो-रेडिएशन, मग सर्जरी’ म्हणतात, तेव्हा ते बहुधा याच पद्धतीबद्दल बोलत असतात.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा : टाइप आणि जागा

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ किंवा ‘अॅडेनोकार्सिनोमा’ यांपैकी एक शब्द असेल. भारतात पहिला प्रकार जास्त दिसतो. तंबाखू आणि दारूशी त्याचा जवळचा संबंध आहे, आणि गाठ बहुधा नळीच्या वरच्या किंवा मधल्या भागात असते. दुसरा प्रकार खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो आणि पाश्चात्त्य देशांत अधिक आढळतो.

हा फरक केवळ रिपोर्टपुरता नाही. क्रॉस ट्रायलमध्ये केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन केलेल्या स्क्वॅमस रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी उरली नव्हती. अॅडेनोमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं. पुढे जर्मनीतल्या एसोपेक ट्रायलने ४३८ अॅडेनो रुग्णांमध्ये क्रॉसची पद्धत आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर दिली जाणारी चार औषधांची फ्लॉट केमो यांची तुलना केली. त्यात फ्लॉट सरस ठरली : मध्यम आयुर्मान ६६ महिने, क्रॉसच्या गटात ३७. हा निकाल स्क्वॅमसच्या रुग्णाला लागू होत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या ‘नव्या शोधा’च्या बातमीत पहिल्यांदा हेच पाहा, की ती कोणत्या टाइपची आहे. नव्वद टक्के गोंधळ इथेच मिटतो.

दुसरी गोष्ट जागा. दुर्बिणीच्या (एन्डोस्कोपीच्या) रिपोर्टमध्ये गाठ पुढच्या दातांपासून किती सेंटिमीटरवर सुरू होते आणि कुठे संपते हे लिहिलेलं असतं. ढोबळपणे १५ ते २० सेंमी म्हणजे मानेतला भाग, २० ते २५ वरचा, २५ ते ३० मधला आणि ३० ते ४० खालचा. मानेतल्या गाठीवर सहसा ऑपरेशन करत नाहीत, केमो-रेडिएशनवरच भर असतो, त्यामुळे ऑपरेशन असलेल्या ट्रायल त्या रुग्णाला बसत नाहीत. गाठ श्वासनळीच्या दुभाजकाच्या वर किंवा पातळीवर असेल तर ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनळीतली दुर्बीण, मागतात. गाठ श्वासनळीत घुसली आहे का, हे त्यातून कळतं.

फाईल, स्लाइड आणि ब्लॉक

फाईलमध्ये या गोष्टी मूळ प्रतीत हव्यात : दुर्बिणीचा रिपोर्ट फोटोंसह, तुकड्याचा रिपोर्ट, पेट-सीटी किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि त्याची सीडी, ताज्या रक्ततपासण्या, चालू औषधांची यादी, आणि आधी काही उपचार झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड. सीडीची आठवण बहुधा राहत नाही. नुसत्या छापील रिपोर्टवर ट्रायलचे डॉक्टर गाठीचं माप घेऊ शकत नाहीत, आणि मग स्कॅन पुन्हा करावा लागतो.

सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे तुकड्याचा मेणातला ब्लॉक. स्लाइड म्हणजे त्याच ब्लॉकचे काचेवर घेतलेले पातळ काप. पीडी-एल१ सारखी (इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, कितपत चालेल याचा अंदाज देणारी) तपासणी करायची तर ब्लॉक लागतो किंवा न रंगवलेल्या बऱ्याच स्लाइड लागतात. अॅडेनो असेल तर हर-२ ही पेशींवरच्या एका प्रथिनाची तपासणीही मागतात. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. एका लॅबने दोन-तीन तपासण्यांत तो संपवला की पुढच्या ट्रायलसाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. म्हणून पहिल्या लॅबमधून ब्लॉक पावती देऊन ताब्यात घ्या, त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा आणि डबी गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात ठेवू नका. कोणतीही जादा तपासणी मंजूर करण्याआधी विचारा : “ट्रायलसाठी पुरेल एवढा तुकडा उरेल ना?”

खाणं सावरल्याशिवाय ट्रायल नाही

या आजारात लोक ट्रायलमधून गळतात ते पुष्कळदा कॅन्सरमुळे नाही, तर उपाशी राहिल्यामुळे. घास अडकतो, मग पोळी बंद, मग भात बंद, शेवटी चहा आणि पेज. दोन महिन्यांत दहा किलो वजन जातं आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला लागतो.

ट्रायलमध्ये रुग्णाची हालचाल ‘इकॉग’ नावाच्या मापाने मोजतात. शून्य म्हणजे पूर्वीसारखा. एक म्हणजे जड काम जमत नाही, हलकं जमतं. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, कामधंदा होत नाही, पण जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ उठून-फिरून असतो. तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ पडून. बहुतेक ट्रायल शून्य आणि एक घेतात, काही दोनपर्यंत जातात. तीनवर गेलेल्या रुग्णाला महिनाभर नीट खाऊ घातल्यावर तो पुन्हा एकवर येऊ शकतो, पण तेवढा वेळ हातात नसतो. म्हणून अन्न देण्यासाठी नाकातून किंवा पोटावरून घातलेल्या नळीला ‘शेवटची पायरी’ समजू नका.

मोजून सांगायचं तर रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. भाताच्या पेजेवर हा आकडा कधीच गाठता येत नाही. दूध, अंडं, शेंगदाणा किंवा डाळीचं पातळ मिश्रण, किंवा आहारतज्ज्ञाने सांगितलेली पावडर लागतेच. नाकातली नळी जठरापर्यंत असेल तर एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन तासांनी, रुग्णाला टेकून बसवून द्या. नंतर अर्धा तास आडवं करू नका आणि प्रत्येक वेळी नळीतून थोडं पाणी सोडा, नाहीतर ती तुंबते. पोटावरून थेट आतड्यात घातलेली नळी असेल तर एकदम ओतायचं नाही. ते थेंबाथेंबाने, हळू द्यावं लागतं, नाहीतर पोटात कळ येऊन जुलाब होतात.

दोन निर्णय ट्रायलच्या टीमला विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिला, जाळीचा स्टेंट, म्हणजे अडलेली अन्ननलिका उघडी ठेवायला आत बसवलेली नळी. घास लगेच उतरायला लागतो म्हणून तो मोहात पाडतो. पण पुढे रेडिएशन किंवा ऑपरेशन ठरत असेल तर स्टेंटमुळे अन्ननलिकेला भोक पडणं, रक्तस्राव, फिस्टुला (शेजारच्या अवयवाशी नको तो मार्ग तयार होणं) असे धोके वाढतात, आणि स्टेंट असलेले रुग्ण काही ट्रायल घेतच नाहीत. दुसरा, पोटावरून थेट जठरात घातलेली नळी. ऑपरेशनमध्ये जठर वर ओढून त्याचीच नवी अन्ननलिका बनवतात. म्हणून बरेच सर्जन जठराला भोक पाडायला तयार नसतात आणि नळी आतड्यात घालायला सांगतात.

ट्रायल शोधायची कुठे

सर्वांत आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे नसेल तर भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली आहे. ती २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून भारतातली औषधांची ट्रायल पहिला रुग्ण घेण्याआधी तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. प्रत्येक ट्रायलला सीटीआरआय या अक्षरांनंतर वर्ष, महिना आणि सहा आकडे असा क्रमांक मिळतो.

शोध इंग्रजीत घ्यावा लागतो आणि इथे एक बारकी अडचण आहे. अन्ननलिकेसाठीच्या इंग्रजी शब्दाची दोन स्पेलिंग चालतात, ब्रिटिश पद्धतीत ‘ओ’ने सुरू होणारं आणि अमेरिकन पद्धतीत ‘ई’ने. दोन्ही टाकून पाहा, नाहीतर अर्ध्या नोंदी दिसणारच नाहीत. जठराच्या तोंडाशी गाठ असेल तर ‘गॅस्ट्रोएसोफेजियल जंक्शन’ही शोधा. नोंदींत आजाराचा आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांकही असतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरचा सी-१५ पासून सुरू होतो.

नोंद उघडली की सगळी वाचत बसू नका. आधी भरतीची स्थिती पाहा. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे जा. मग ‘साइट’च्या तक्त्यात महाराष्ट्रातलं किंवा तुम्हाला जाता येईल असं रुग्णालय आहे का ते पाहा, तिथे प्रमुख संशोधकाचं नाव आणि संपर्कही असतो. मग समावेशाच्या आणि वगळण्याच्या अटी. नोंदवही वेळेवर अद्ययावत होतेच असं नाही. ‘चालू’ दिसणारी ट्रायल प्रत्यक्षात भरलेली असू शकते, म्हणून प्रवासाचं तिकीट काढण्याआधी फोन करा. अमेरिकेची नोंदवही वेगळी आहे. तिथले क्रमांक एनसीटीने सुरू होतात आणि अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या कंपन्यांच्या ट्रायल तिथे सापडतात. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट : अमेरिकेत २०१४ पासून बहुतेक खासगी विमा कंपन्यांना मान्य ट्रायलमधल्या रुग्णाचा नेहमीच्या उपचारांचा खर्च नाकारता येत नाही.

मुंबईत टाटा मेमोरियलचं परळचं रुग्णालय आणि खारघरचं अॅक्ट्रेक हे टाटाचंच संशोधन केंद्र ही कॅन्सर ट्रायलची मोठी केंद्रं आहेत. शहरांतल्या खासगी रुग्णालयांतही कंपनीच्या ट्रायल चालतात. दोन्हींचा स्वभाव वेगळा असतो. कंपनीला तिचं औषध चालतं का हे पाहायचं असतं. संस्थेच्या शैक्षणिक ट्रायल बऱ्याचदा असे प्रश्न विचारतात ज्यांत कोणाचाच धंदा नाही : कमी डोस पुरेल का, कमी दिवस पुरतील का. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅम एवढ्या छोट्या डोसमधलं निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध वापरून पाहिलं. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. निकाल २०२३ साली छापून आला. हे औषध इतर देशांत सहसा २४० मिलिग्रॅम देतात. आपल्याकडच्या खिशाला असे प्रश्नच जास्त उपयोगी, असं आमचं मत आहे.

अटींची चाळणी आणि ती कुठे अडते

छाननीसाठी बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवड्यांची मुदत असते. त्या काळात रक्त, स्कॅन, हृदयाची तपासणी, कधी ऐकण्याची तपासणीही होते, कारण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध कानांवर आणि किडनीवर परिणाम करतं. या आजारात नेहमी अडणाऱ्या गोष्टी अशा.

क्रिएटिनिन. पाणीही उतरत नसलेल्या माणसाचं शरीर कोरडं पडतं आणि किडनीचा आकडा चढतो. सिस्प्लॅटिनच्या ट्रायलमध्ये किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ५० ते ६० मिलीच्या वर मागतात. नमुना देण्याआधी नळीतून किंवा सलाईनने पाणी पुरेसं गेलं आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. केवळ कोरडेपणामुळे नापास झालेला रुग्ण पुन्हा तपासून घेता येतो.

स्टेरॉइड. इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन, किंवा तेवढ्या ताकदीचं दुसरं स्टेरॉइड, सहसा चालत नाही. अशक्तपणा, दमा, सांधेदुखी यांवर गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनात स्टेरॉइड असू शकतं. चिठ्ठी मागून घ्या. संधिवात किंवा सोरायसिससारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा आजार असेल तर तोही आधीच सांगा.

काढे, भस्मं, ‘कॅन्सरचं देशी औषध’. ती घेता म्हणून कोणी रागावेल या भीतीने लपवली जातात. मग तिसऱ्या आठवड्यात यकृताचे आकडे बिघडतात, दोष ट्रायलच्या औषधावर जातो आणि ते बंद करावं लागतं. बाटली किंवा पुडी सोबत नेऊन दाखवा.

गोळी गिळता येणं. अन्ननलिकेच्या ट्रायलमध्ये ही अट लोकांना विचित्र वाटते, पण औषध गोळीचं असेल तर ती असते. गोळी कुटून नळीतून दिली तर चालेल, असं गृहीत धरू नका. काही गोळ्या कुटल्याने त्यांचा परिणाम बदलतो आणि कुटणाऱ्याच्या हातालाही धोका असतो.

खाताना-पिताना ठसका लागून खोकला येत असेल तर तो लगेच सांगा. अन्ननलिका आणि श्वासनळी यांच्यामध्ये भोक पडल्याचं ते लक्षण असू शकतं. ट्रायल हातची जाईल म्हणून हे लपवलं तर न्यूमोनियाने जीव जाऊ शकतो.

संमतीपत्र : घाई करणाऱ्यापासून सावध

माहितीपत्रक मराठीत मिळायला हवं. ते घरी नेऊन वाचायचा हक्क तुम्हाला आहे. एखाद्या दिवसाची घाई उपचारासाठी समजू शकते, पण “आत्ता सही करा, मग समजावतो” म्हणणाऱ्याकडे सही करू नका. रुग्ण वाचू शकत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो. अगदी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित परिस्थितीतल्या रुग्णाची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक आहे. कॅमेरा पाहून बिचकू नका, तो तुमच्याच बाजूने आहे. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या.

वाचताना हे शोधा. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे? पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न डोस आणि सुरक्षिततेचा असतो, आजार हटेल ही अपेक्षा तिथे जपूनच ठेवावी. दुसऱ्यात औषधाचा काही परिणाम दिसतो का ते पाहतात, तिसऱ्यात नेहमीच्या उपचाराशी तुलना. तिसऱ्या टप्प्यात कोणत्या गटात जायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांच्या ओळखीने नवं औषध मिळत नाही, आणि तसं कोणी आश्वासन दिलं तर काहीतरी गडबड आहे.

प्लॅसिबोच्या, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या डोसच्या, नावाने पुष्कळ जण घाबरतात. त्याचा अर्थ कॅन्सरकडे दुर्लक्ष करून साखरेची गोळी, असा नसतो. चेकमेट ५७७ या ट्रायलचं उदाहरण घ्या. केमो-रेडिएशन आणि ऑपरेशन झालेले, पण काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला दिसलेले ७९४ रुग्ण होते. ५३२ जणांना निव्होलुमॅब आणि २६२ जणांना प्लॅसिबो. त्या वेळी अशा रुग्णांसाठी ऑपरेशननंतर नुसती देखरेखच केली जात असे, म्हणून प्लॅसिबोच्या गटाचा कोणताही सिद्ध उपचार हिरावला गेला नाही. आजार परत न येता गेलेला मध्यम काळ २२.४ महिने विरुद्ध ११ महिने असा आला. एकूण आयुष्यात किती फरक पडला हे मात्र पुढच्या निकालात संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालं नाही. चांगल्या ट्रायलचाही निकाल असा अर्धामुर्धा असू शकतो.

आणि काही वेळा ट्रायलमधून ‘जास्त देऊ नका’ हेच कळतं. केवळ घास उतरावा म्हणून रेडिएशन घेणाऱ्या २२० रुग्णांमध्ये सोबत केमो देऊन पाहिली गेली. २०१८ साली आलेल्या निकालात केमोने घास उतरण्यात ठोस फरक पडला नाही, उलट्या-मळमळ मात्र वाढली.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. मी ट्रायलमध्ये गेलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? जादा खेपा, जादा तुकडे, जादा स्कॅन किती? रेडिएशन असेल तर एकूण किती ग्रे, आणि पुढे त्याच जागी पुन्हा देता येईल का? रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोणाला? यांतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर पुढचे विचारायच्या आधी थांबा.

पैसा आणि हक्क

भारतात ट्रायल २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांखाली चालतात. प्रत्येक ट्रायलला एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. त्या कमिटीत किमान सात सदस्य, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायदेतज्ज्ञ असावे लागतात. कमिटीचा संपर्क माहितीपत्रकावर असतो. तक्रार थेट तिथे करता येते.

ज्या औषधाची चाचणी आहे त्याचे पैसे कंपनी पुरस्कृत ट्रायलमध्ये रुग्णाकडून घेतले जात नाहीत. संस्थेच्या ट्रायलमध्ये मात्र नेहमीच्या उपचाराचा भाग, म्हणजे ठरलेली केमो, रेडिएशन, ऑपरेशन, तुमच्याच खर्चाने किंवा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून असू शकतो. कोणता स्कॅन कोणाच्या खात्यावर, हे सही करण्याआधी ट्रायल कोऑर्डिनेटरकडून लिहून घ्या. खासगी आरोग्य विम्यात ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’ नावाचं वगळणीचं कलम असतं, म्हणून टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) आधी विचारून ठेवा.

ट्रायलमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळायला हवेत. इजेचा संबंध ट्रायलशी असल्याचं ठरलं तर नुकसानभरपाईही आहे. मृत्यूच्या प्रकरणात आठ लाख रुपये पाया धरून, वय आणि आजाराच्या जोखमीचा गुणक लावून रक्कम काढतात. हा गुणक अतिगंभीर रुग्णासाठी ०.५ पासून निरोगी स्वयंसेवकासाठी ४ पर्यंत जातो. निव्वळ कॅन्सर वाढला म्हणून भरपाई मिळत नाही. शैक्षणिक ट्रायलमधली भरपाईची व्यवस्था वेगळी असू शकते. माहितीपत्रकातला तो परिच्छेद बोट ठेवून वाचा.

‘पेशींची इम्युनिटी थेरपी’, ‘स्टेम सेल’ अशा नावाने लाखो रुपये मागून त्याला ट्रायल म्हणणारेही भेटतात. परीक्षा सोपी आहे : सीटीआरआय क्रमांक मागा, एथिक्स कमिटीचं नाव मागा, आणि चाचणीच्या औषधाचे पैसे का, ते विचारा. तिन्हींवर टाळाटाळ झाली तर उठा.

राहण्या-फिरण्याचा हिशेब आधी करा. मुंबईला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे रुग्णालयाच्या कागदांवर विचारणा करता येते. कॅन्सर रुग्ण आणि एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. कंपनीच्या ट्रायलमध्ये प्रवासखर्च मिळतो का, हे आधीच विचारा. मिळत असेल तर तिकिटं आणि पावत्या जपून ठेवा.

ट्रायल सुरू झाल्यावर

ट्रायलचं ओळखपत्र मिळतं. ते रुग्णाच्या खिशात असावं, कपाटातल्या फाईलमध्ये नको. गावी त्रास होऊन दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांना ते दाखवा आणि त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला कळवा. रुग्ण दाखल झाला तर संशोधकाला २४ तासांत वर कळवावं लागतं. तुम्ही आठवड्याने सांगितलंत तर सगळंच अडतं.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचं. इम्युनोथेरपीत धोक्याची चिन्हं वेगळी असतात : नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा त्याहून जास्त वेळा वाढलेले जुलाब, नवीन धाप किंवा कोरडा खोकला, डोळे पिवळे होणं, अंगभर पुरळ, कमालीचा थकवा. उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनीही ही लक्षणं येऊ शकतात, आणि तेव्हा साधं जुलाबाचं औषध देऊन पाहणं महागात पडतं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच झालं तर थेट इमर्जन्सी गाठा.

भेटीच्या तारखांना एक-दोन दिवसांची सवलत बहुधा असते, पण त्यापलीकडे नाही. लग्न, पेरणी, गणपती यांच्या तारखा सुरुवातीलाच कोऑर्डिनेटरला सांगा. आगाऊ सांगितलं तर बरंचसं जुळवता येतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, ती मोजून परत घेतली जातात. तंबाखू, मिश्री, दारू बंद. रेडिएशनमध्ये घसा सोलवटतो तेव्हा यांचा त्रास दुपटीने होतो.

बाहेर पडताना

कधीही, कारण न सांगता ट्रायल सोडता येते आणि पुढचा नेहमीचा उपचार त्यामुळे नाकारता येत नाही. पण सोडताना गायब होऊ नका. फोन बंद करून गेलेल्या रुग्णाला औषधाचा उशिरा येणारा दुष्परिणाम झाला तर कोणाला पत्ताच लागत नाही. औषध थांबवायचं पण तपासण्या चालू ठेवायच्या, असाही मधला मार्ग असतो.

ट्रायलच्या औषधाने गुण येत असेल आणि त्याला पर्यायी उपचार नसेल, तर संशोधकाची शिफारस, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि तुमची लेखी संमती यांवर कंपनीने ते पुढेही मोफत द्यावं, अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. हा विषय शेवटच्या सायकलच्या आधी काढा, नंतर कागद हलायला वेळ लागतो.

निघताना एक सारांशपत्र मागून घ्या. त्यात ट्रायलचा क्रमांक, मिळालेली औषधं आणि सायकलींची संख्या, रेडिएशन झालं असेल तर एकूण ग्रे आणि नेमका भाग, झालेले दुष्परिणाम, शेवटच्या स्कॅनची तारीख असावी. औषध कोणतं हे झाकलेलं असेल तर ते कधी उघड होईल, हेही त्यावर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तेच कळलं नाही तर दुसरी ट्रायल, दुसरी केमो, दोन्हींचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. शिवाय पुढच्या ट्रायलमध्ये मागच्या औषधापासून सहसा दोन ते चार आठवडे मोकळे जावे लागतात, म्हणून शेवटच्या डोसची तारीख ठळक लिहून घ्या.